गतीचे ऋण : उदय शंकर आणि ॲलिस बोनर

(वाळूज येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२६ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकाता येथे नर्तक उदय शंकर यांचे निधन झाले. भारतीय नृत्याला जगाच्या रंगमंचावर मानाने उभे करणारा कलावंत म्हणून देश त्यांना ओळखत होता. १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला होता. त्यांचे स्मरण होते तेव्हा रशियन नर्तिका ॲना पाव्हलोव्हा हिचे नाव निघते, ‘कल्पना’ चित्रपटाचा उल्लेख होतो, धाकटे बंधू पंडित रविशंकर यांची आठवण निघते. एक नाव मात्र बहुधा राहून जाते. उदय शंकर गेले त्या वेळी काशीत अस्सी घाटावरच्या एका घरात अठ्ठ्याऐंशी वर्षांची एक वृद्धा राहत होती. उदय शंकरांचे पहिले नृत्यपथक उभे करण्यात तिचा अर्धा वाटा होता. तिचे नाव ॲलिस बोनर.

तिची आणि उदय शंकरांची कथा वाळूजमध्ये सांगण्याला कारण आहे. या दोघांचे एकत्र काम १९३५च्या सुमारास थांबले. त्या सहकार्यातून तिच्या मनात उरलेला प्रश्न मात्र थांबला नाही, आणि त्याचे उत्तर तिला गवसले ते वेरूळच्या लेण्यांत. म्हणजे येथून अवघ्या तासाभराच्या वाटेवर. आपल्या दाराशी घडलेली ही गोष्ट आपल्यालाच ठाऊक नसावी, हे बरे नव्हे.

चित्रकाराचा नर्तक झाला

उदय शंकर यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे झाला. वडील श्यामशंकर चौधरी हे झालावाड संस्थानाचे दिवाण आणि संस्कृतचे विद्वान. मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता, म्हणून त्याला मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत घातले. त्याच मुक्कामात गांधर्व महाविद्यालयात त्याने संगीताचेही शिक्षण घेतले. म्हणजे या कलावंताच्या पायाभरणीचे काही दगड महाराष्ट्राच्या भूमीतले आहेत. १९२० मध्ये तो लंडनच्या राजकीय कला महाविद्यालयात दाखल झाला. तेथील प्राचार्य विल्यम रोथेनस्टाइन यांनी त्याला युरोपीय चित्रांच्या नकला करीत बसण्याऐवजी आपल्या देशाची शिल्पे आणि चित्रे पाहायला लावले. १९२३ मध्ये पाव्हलोव्हाने हिंदू विवाह आणि राधाकृष्ण या विषयांवरच्या नृत्यरचनांसाठी त्याचे साहाय्य घेतले. तो तिच्याबरोबर कृष्ण होऊन नाचला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. उदय शंकरांनी तोवर कोणत्याही गुरूपाशी बसून शास्त्रीय नृत्याचे शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांच्यापाशी चित्रकाराची दृष्टी होती आणि लहानपणी राजस्थानात पाहिलेले लोकनृत्य होते. पाषाणातील आणि भित्तिचित्रांतील देवतांच्या मुद्रा डोळ्यांत साठवून त्या शरीरात उतरवण्याचा प्रयत्न ते करीत होते. मूर्ती स्थिर असते. ती पुढे कशी हलली असती, हा प्रश्न त्यांनी आपल्या शरीराला विचारला. परंपरेच्या पंडितांनी पुढे त्यांच्यावर जी टीका केली तिचे मूळ येथेच होते, आणि त्यांच्या प्रतिभेचेही.

एका रेखाटनापासून सुरुवात

ॲलिस बोनर स्विस घराण्यातली. जन्म २२ जुलै १८८९, इटलीतील लेन्यागो या गावी. वडील विद्युत उद्योगात मोठ्या पदावर होते. घरात सुबत्ता होती. तिने ब्रुसेल्स, म्यूनिक आणि बाझल येथे चित्र व शिल्पकलेचे शिक्षण घेतले आणि शिल्पकार म्हणून झ्युरिकमध्ये काम सुरू केले. १९२६ मध्ये झ्युरिक येथे तिने उदय शंकरांचे नृत्य पाहिले. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती आणि ते अवघे पंचवीस वर्षांचे. तिने त्यांची रेखाटने केली. मातीत आणि दगडात मानवी शरीर घडवणाऱ्या त्या स्त्रीला या नृत्यात काहीतरी वेगळे जाणवले. युरोपीय शिल्प मानवी देहाच्या स्नायूंचा अभ्यास करते. येथे देह आपल्यापलीकडच्या एखाद्या शक्तीला जागा करून देत होता.

१९२९ मध्ये पॅरिस येथे दोघांची पुन्हा भेट झाली. उदय शंकर तेव्हा विवंचनेत होते. युरोपात भारतीय नृत्य म्हणून जे खपत होते त्यात भारतीय वाद्ये नव्हती, भारतीय साथीदार नव्हते. अस्सल भारतीय कलावंतांचे पथक उभे करावे ही त्यांची मनीषा होती. परंतु पैसा नव्हता आणि व्यवस्था पाहणारे माणूस नव्हते. ॲलिस बोनरने दोन्हींचा भार उचलला. १९३० मध्ये ती त्यांच्यासमवेत भारतात आली. दोघांनी देशभर प्रवास केला, मंदिरे आणि लेणी पाहिली, प्रांतोप्रांतीची नृत्ये पाहिली, वाद्ये गोळा केली. त्या काळी केरळबाहेर फारसे कोणी न पाहिलेले कथकळी तिने डोळे भरून पाहिले आणि त्याची छायाचित्रे टिपली.

मार्च १९३१ मध्ये पॅरिसच्या शांझ-एलिझे नाट्यगृहात उदय शंकर यांच्या पथकाचा पहिला प्रयोग झाला. पथकात बंधू राजेंद्र आणि देवेंद्र होते, दहा वर्षांचा रविशंकर होता, काका केदारशंकर आणि चुलत बहीण कनकलता होत्या. फ्रेंच तरुणी सिमोन बार्बिये ‘सिम्की’ या नावाने मुख्य नर्तिका झाली. संगीताची बाजू तिमिरबरन भट्टाचार्य यांनी सांभाळली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या परंपरेत तयार झालेले विष्णुदास शिराली हेही त्यांच्यासोबत होते. पुढे संगीतकार म्हणून शिरालींनी उदय शंकरांना दीर्घकाळ साथ दिली आणि ‘कल्पना’चे संगीतही त्यांचेच. रंगमंचावर मागे ओळीने बसलेले भारतीय वादक आणि त्यांची असंख्य वाद्ये हे दृश्य पाश्चात्त्य प्रेक्षकांना नवे होते. युरोपभर दौरे झाले. १९३२-३३ मध्ये अमेरिकेने या पथकाचे स्वागत केले. देश पारतंत्र्यात असताना एक भारतीय कलावंत जगाला सांगत होता, की ज्यांना तुम्ही असंस्कृत म्हणता त्यांच्यापाशी हे आहे.

सहकार्याचा अलिखित भाग

फलकावर एक नाव होते. ते उदय शंकरांचेच असणे योग्यही होते. कारण प्रतिभा त्यांची होती. परंतु पथक म्हणजे केवळ नृत्य नव्हे. पंधरा-वीस माणसांचे राहणे-खाणे, आगगाडीची तिकिटे, नाट्यगृहांचे करार, वेशभूषेची कापडे, वाद्यांची वाहतूक, आजारपणे, रुसवेफुगवे हे सारे कोणाला तरी पाहावे लागते. ॲलिस बोनरने हे काम केले. स्वतःचा पैसा घातला. स्वतःचे शिल्पकाम त्या वर्षांत मागे पडू दिले. संघटनेत काम करणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सभा यशस्वी झाली की वक्त्याचे नाव राहते. सतरंज्या अंथरणारा घरी जातो.

तिची भूमिका मात्र केवळ व्यवस्थापकाची नव्हती. ती शिल्पकाराच्या नजरेने नृत्य पाहत होती. हाताची रेषा कोठे तुटते, देहाचा तोल कोणत्या अक्षावर उभा राहतो, समूहातील आकृत्यांमधील मोकळी जागा काय बोलते, हे प्रश्न शिल्पाचे आहेत आणि नृत्याचेही आहेत. त्या दोघांचे सहकार्य येथे होते. उदय शंकर शिल्पाला गती देत होते. ॲलिस त्या गतीत पुन्हा शिल्प शोधत होती.

१९३५च्या सुमारास दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. उदय शंकरांना आता भारतात कायमचे केंद्र हवे होते. ॲलिस बोनरला दौऱ्यांच्या धावपळीतून बाहेर पडून आपल्या साधनेकडे वळायचे होते. सहकार्य संपले की कटुतेचा हिशेब मांडत बसणारी माणसे आपण सर्वत्र पाहतो. ॲलिस बोनरने तो हिशेब जगापुढे मांडला नाही. १९३६ मध्ये ती काशीला आली आणि गंगेच्या काठी अस्सी घाटावर घर करून राहिली. पुढची चाळीसहून अधिक वर्षे तेच तिचे गाव झाले.

श्रम आणि यंत्र

उदय शंकरांनी हिमालयात अल्मोड्याजवळ संस्कृती केंद्र उभे केले. तेथे कथकळीसाठी शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यासाठी कंदप्पा पिल्लै, मणिपुरीसाठी अमोबी सिंह आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ असे आचार्य एकत्र आले. केरळ, तमिळनाडू, मणिपूर आणि बंगाल यांची विद्या एका आवारात नांदली. भारताचे सांस्कृतिक ऐक्य भाषणांतून पुष्कळदा मांडले जाते. येथे ते रोजच्या सरावात होते. शांती बर्धन, नरेंद्र शर्मा, सचिन शंकर आणि पुढे चित्रपटक्षेत्रात नाव मिळवणारे गुरुदत्त ही सारी त्या केंद्राची माणसे. १९४४ मध्ये मात्र द्रव्याभावी केंद्र बंद पडले. कलेवर प्रेम करणारा समाज तिच्या पाठीशी द्रव्याने उभा राहत नाही, हा अनुभव नवा नाही आणि जुनाही झालेला नाही.

त्या केंद्राच्या काळातील उदय शंकरांची एक रचना वाळूजकरांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. ‘श्रम आणि यंत्र’ हा तिचा विषय. कारखान्याच्या यंत्रापुढे उभा असलेला माणूस हळूहळू त्या यंत्राच्याच तालात हलू लागतो, त्याचा हात दांडा होतो आणि मान चाक होते, हे नर्तकांनी शरीराने दाखवले. १९४८ साली पूर्ण झालेल्या ‘कल्पना’ या चित्रपटातही असे यंत्रनृत्याचे दृश्य आहे. ऐंशीच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत वाढली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो तरुणांनी नांगराची लय सोडून पाळीच्या भोंग्याची लय स्वीकारली. त्यांच्या देहात काय बदल झाला असेल, हे समजून घ्यायला त्या रचनेइतके बोलके साधन दुसरे सापडणे कठीण. हाच कामगार आषाढीला येथल्या छोट्या पंढरपुरात टाळ घेऊन पावली धरतो, तेव्हा त्याच्या पायांना त्यांची जुनी लय परत मिळते. एकाच देहात दोन लयी नांदतात. कोणती लय माणसाला जोडते आणि कोणती त्याला वापरून घेते, हे उदय शंकरांनी रंगमंचावर विचारले होते.

वेरूळचा साक्षात्कार

इकडे काशीत ॲलिस बोनरने शिल्पकलेचे काम पुन्हा हाती घेतले, पण युरोपात शिकलेली पद्धत आता तिला पुरेना. ती देशभरच्या मंदिरांत आणि लेण्यांत जाऊन शिल्पांची रेखाटने करू लागली. वेरूळला शिल्पांसमोर बसून रेखाटन करताना तिच्या मनातील जुन्या प्रश्नाला उत्तर मिळू लागले.

तो प्रश्न असा होता. दगडातला शिव नाचत नाही, तरी तो नाचतो असे का वाटते? वेरूळच्या चौदाव्या, पंधराव्या आणि एकविसाव्या लेण्यांत नृत्यमग्न शिव आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात खोदलेल्या कैलास लेण्यात, म्हणजे सोळाव्या लेण्यात, रावण कैलास हलवतो आहे. खाली रावणाच्या वीस भुजांचा जोर, वर भयाने शिवाला बिलगलेली पार्वती, पळत सुटलेली दासी, आणि मध्ये पायाच्या नुसत्या दाबाने सारा कंप शांत करणारा शिव. सहलीला येणारा माणूस येथे दोन मिनिटे थांबतो, छायाचित्र काढतो आणि पुढे सरकतो.

ॲलिस बोनरला या शिल्पपटांमागे एक भूमिती दिसली. प्रत्येक पटाला एक केंद्रबिंदू आहे. त्याभोवती वर्तुळ कल्पावे. वर्तुळाचे व्यासांनी समान भाग करावेत. कोठे सहा, कोठे आठ, कोठे त्याहून अधिक. हे व्यास आणि त्यांना समांतर जाणाऱ्या रेषा यांची एक जाळी तयार होते. मग ध्यानात येते, की देवतेचे अवयव, आयुधे, परिवारातील आकृत्यांचे कल या रेषांना धरून आहेत. वरवर विस्कळीत वाटणारा हाताचा झोक एका व्यासाशी समांतर असतो. सर्व हालचाल केंद्रातून निघते आणि केंद्राकडे परतते. म्हणून देवतेचा देह कितीही वेगात असला तरी मुख शांत राहू शकते.

बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन अशा चौतीस लेण्यांच्या या डोंगरात सामान्य शिल्पकारांच्या पिढ्या राबल्या. त्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. परंतु त्यांच्या छिन्नीमागे शिस्तबद्ध शास्त्र होते, असे ही परदेशी स्त्री सांगत होती. पाश्चात्त्य अभ्यासकांपैकी अनेकांना भारतीय मूर्तींतील अनेक हात आणि अनेक मुखे विक्षिप्त वाटत होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुष्कळ वर्षांच्या परिश्रमांनंतर १९६२ मध्ये हॉलंडमधील लायडन येथून हिंदू शिल्पातील रचनातत्त्वांवरचा तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेरूळ, बदामी आणि महाबलीपुरम् येथील शिल्पांचे विवेचन त्यात आहे.

तिच्या निष्कर्षांवर मतभेद होणे स्वाभाविक होते. प्राचीन शिल्पी खरोखर अशीच आकृती आखून काम करीत होते काय, असा प्रश्न विद्वान विचारू शकतात. तिलाही तो पडला होता. म्हणून ती केवळ आपल्या डोळ्यांवर विसंबली नाही. ग्रंथांचा आधार शोधत ती ओरिसात गेली आणि पंडित सदाशिव रथशर्मा यांच्या सहकार्याने ‘शिल्पप्रकाश’ हा मंदिरशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ १९६६ मध्ये अनुवादासह प्रकाशित केला. कोणार्कच्या सूर्यमंदिरावरचा ग्रंथ १९७२ मध्ये आला. १९७४ मध्ये भारत सरकारने तिला पद्मभूषण दिले. प्रकृती ढासळल्यामुळे १९७८ मध्ये तिला झ्युरिकला परत जावे लागले. एप्रिल १९८१ मध्ये तिचे तेथे निधन झाले. तिचा संग्रह झ्युरिकच्या रीटबर्ग संग्रहालयात आणि काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या भारत कला भवनात जतन झाला आहे.

मित्राचे स्मरण म्हणजे काय?

आता मूळ विषयाकडे वळू. दिवंगत मित्राचे, त्यातही सहकारी कलावंताचे, स्मरण कसे करावे?

चित्रकाराचे चित्र मागे उरते. लेखकाचा ग्रंथ उरतो. नर्तकाचे तसे नसते. देह गेला की कला त्या देहाबरोबर जाते. चित्रफितीवर जे राहते ती तिची सावली. ‘कल्पना’ चित्रपट आज उपलब्ध आहे. जुनी चित्रफीत दुरुस्त करून २०१२ मध्ये कान महोत्सवात तो दाखवण्यातही आला. तरीही त्या चित्रपटात त्या संध्याकाळचा श्वास नाही. म्हणून नर्तकाच्या सहकाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. त्याने पाहिलेले, सोबत घडवलेले, तोच एक पुढे नेऊ शकतो.

हे नेण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत शिष्यांची. शांती बर्धन यांचे १९५४ मध्ये अकाली निधन झाले. त्यांनी मुंबईत स्थापलेले नृत्यनाट्यपथक, माणसांना कठपुतळ्यांसारखे नाचवणारे त्यांचे ‘रामायण’, हे सारे पत्नी गुल बर्धन आणि सहकाऱ्यांनी पुढे अनेक दशके जिवंत ठेवले. ही रीत रचना जपते. दुसरी रीत ॲलिस बोनरची. तिने मित्राची एकही रचना जपली नाही, ते तिचे काम नव्हते. ती रचना ज्या झऱ्यातून आली त्या झऱ्याकडे ती चालत गेली. उदय शंकरांनी शिल्पाकडे पाहून नृत्य निर्माण केले. ॲलिस बोनरने नृत्याकडे पाहून शिल्पाचे रहस्य विचारले. मित्राने दिलेली दृष्टी तिने मित्राच्याही पलीकडे नेली. ऋण फेडण्याचा याहून प्रामाणिक मार्ग कोणता?

या कथेत आणखी एक धडा आहे. आपले धन आपल्याला परक्याने दाखवावे लागते, अशी खंत आपण वारंवार व्यक्त करतो. रोथेनस्टाइनने उदय शंकरांना, ॲलिस बोनरने वेरूळला, असे म्हणून आपण उसासा टाकतो. परंतु तिला परकी म्हणावे काय? जिने या भूमीत चार दशके काढली, येथील देवता समजून घेण्यासाठी जिने आयुष्य झिजवले, ती या संस्कृतीची कन्याच झाली. आपलेपण जन्माने मिळते तसे साधनेनेही मिळवता येते. उलट जन्माने मिळालेले आपलेपण साधनेविना पातळ होते, हेही तितकेच खरे. वेरूळच्या पायथ्याशी घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन शेजारच्या लेण्यांकडे पाठ फिरवणारी वाहने प्रत्येक श्रावणी सोमवारी दिसतात.

१९८३ मध्ये वेरूळला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. त्या मानपत्राने आपली नजर मात्र तयार होत नाही. ती घरात तयार करावी लागते. सुदैवाने संभाजीनगरात १९९६ पासून महागामी गुरुकुलात कथक आणि ओडिसीचे गुरुकुल पद्धतीने शिक्षण दिले जाते. म्हणजे नृत्य आणि शिल्प ही दोन्ही या जिल्ह्यात हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांची गाठ घालून देणारी माणसे हवीत.

वाळूजच्या कुटुंबांनी पुढच्या सुटीत एवढे करावे. चौतीस लेणी एका दिवसात उरकण्याचा अट्टहास सोडावा. मुलांना एकाच शिल्पासमोर, सोळाव्या लेण्यातल्या त्या रावणासमोर, अर्धा तास बसवावे. हाती कागद आणि शिसपेन्सिल द्यावी. मध्यबिंदू कोठे आहे ते त्यांनाच शोधू द्यावे. नंतर उठून त्यातील एकेक आकृती आपल्या देहाने उभी करून पाहायला सांगावे. एकाने रावण व्हावे, एकीने पार्वती, एकीने पळणारी दासी. पहिले काम ॲलिस बोनरचे आहे, दुसरे उदय शंकरांचे. कोणाचे कोणते, हे मुलांना सांगायला विसरू नये.